विवाहविच्छेद आणि उतारवयाची पुंजी

नोकरदाराच्या पगारपत्रकावर वजावटीच्या रकान्यात भविष्यनिर्वाह निधीचा एक आकडा असतो. नोकरी लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत तो दरमहा तेथे असतो, आणि घरखर्चाची सारी आखणी तेवढी रक्कम वगळूनच केलेली असते. मुलांची फी, वडीलधाऱ्यांची औषधे, सणासुदीचे कपडे हे सर्व उरलेल्या पैशांत बसवावे लागते. ते बसवण्याचे काम बहुतेक घरांत ज्या व्यक्तीकडे असते, तिचे नाव मात्र त्या पगारपत्रकावर नसते.

संसार सुरळीत चालू असेपर्यंत या गोष्टीने काही बिघडत नाही. निवृत्तीनंतर येणारी रक्कम दोघांच्याच उपयोगी पडणार असे गृहीत धरलेले असते. परंतु वीस-पंचवीस वर्षांच्या सहजीवनानंतर पतिपत्नी विभक्त झाली तर हे गृहीत मोडते, आणि तोवर कोणी न विचारलेला प्रश्न पुढे उभा राहतो : दोघांच्या काटकसरीतून साठलेली, परंतु एकाच्याच नावावर असलेली ही पुंजी कोणाची? प्रस्तुत प्रकरणात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो करताना पोटगी आणि वाटा या दोन कल्पनांमधील भेद वाचकाने सतत ध्यानात ठेवावा, कारण सर्व विवेचन त्याच भेदाभोवती फिरते.

पुंजीचे स्वरूप

निवृत्तिकाळासाठी होणारी साठवण आपल्या देशात मुख्यतः तीन रूपांत आढळते. पहिले रूप भविष्यनिर्वाह निधीचे. १९५२ च्या कायद्याने कारखाने व अन्य आस्थापनांतील कर्मचाऱ्यांसाठी ही योजना सुरू झाली. तिच्यात सर्वसाधारणपणे कर्मचाऱ्याच्या वेतनातून १२ टक्के कापले जातात व तेवढेच मालक घालतो. १६ नोव्हेंबर १९९५ पासून मालकाच्या हिश्शातील ८.३३ टक्के भाग निवृत्तिवेतन योजनेकडे वळवला जातो. सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेल्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर हिशेब केला, तर कर्मचाऱ्याचे १,८०० रुपये आणि मालकाचे ५५० रुपये निधीत जमा होतात, व मालकाचे उरलेले १,२५० रुपये निवृत्तिवेतनासाठी जातात.

दुसरे रूप उपदानाचे, ज्याला बोलीत सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतात. १९७२ च्या कायद्याने सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन या प्रमाणात ते देण्याचे बंधन मालकावर घातले. तिसरे रूप निवृत्तिवेतनाचे. यात हाती येणारी साठलेली रक्कम नसते. हयात असेपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम मिळण्याचा हक्क असतो, आणि मृत्यूनंतर कुटुंबियांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते.

ही तिन्ही रूपे दिसावयास भिन्न असली तरी त्यांचा उगम एकच आहे. काम आज करावयाचे व त्याच्या मोबदल्याचा एक अंश पुष्कळ वर्षांनी घ्यावयाचा, हे त्यांमागील तत्त्व होय. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी दिलेल्या एका सुप्रसिद्ध निर्णयात स्पष्ट केले की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नव्हे. ते पूर्वी केलेल्या सेवेचे देणे आहे. या विचाराची पुढची पायरी सहज सुचते. पूर्वी केलेल्या सेवेचे ते देणे असेल, तर ती सेवा करता यावी म्हणून ज्या व्यक्तीने घर सांभाळले, बदलीच्या गावी बिऱ्हाड हलवले, प्रसंगी स्वतःची नोकरी सोडली, तिचा त्या देण्याशी काही संबंध आहे की नाही? काही देशांच्या कायद्यांनी या प्रश्नाला ‘आहे’ असे उत्तर दिले आहे. आपल्या कायद्याने अद्याप ते तसे दिलेले नाही.

नाव आणि हक्क

भारतातील बहुतेक विवाहविषयक कायद्यांच्या मुळाशी असे तत्त्व आहे की विवाहाने पतिपत्नींची मालमत्ता एक होत नाही. जी वस्तू ज्याच्या नावावर, ती त्याची. पत्नीचे स्त्रीधन तिचेच राहते. पतीने स्वतःच्या वेतनातून घेतलेले घर व साठवलेला निधी त्याचाच राहतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २७ नुसार न्यायालयाला मालमत्तेची विल्हेवाट लावता येते. पण ती विवाहप्रसंगी किंवा त्या सुमारास भेट म्हणून आलेल्या व दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंपुरतीच. पुढील पंचवीस वर्षांत जे साठले ते या कलमाच्या कक्षेत येत नाही.

भविष्यनिर्वाह निधी व निवृत्तिवेतन यांच्याभोवती तर कायद्याने आणखी एक तट उभारला आहे. १८७१ च्या निवृत्तिवेतन कायद्याच्या कलम ११ नुसार धनकोच्या मागणीवरून सरकारी निवृत्तिवेतनावर जप्ती आणता येत नाही. १९५२ च्या कायद्याच्या कलम १० ने भविष्यनिर्वाह निधीला आणि १९७२ च्या कायद्याच्या कलम १३ ने उपदानाला असेच संरक्षण दिले. यामागील हेतू स्तुत्य होता. म्हाताऱ्या कामगाराची अखेरची शिदोरी सावकाराच्या हाती जाऊ नये, हा तो हेतू. पण हा तट उभारताना आत कोण आणि बाहेर कोण याचा विचार एका व्यक्तीपुरताच झाला. संसार मोडताच पत्नी तटाच्या बाहेर पडते आणि तिची मागणी सावकाराच्या मागणीसारखी दिसू लागते.

न्यायालयांनी या विसंगतीची काही प्रमाणात दखल घेतली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये असा निर्णय दिला की पत्नीची पोटगी हे कर्ज नव्हे व पत्नी ही धनको नव्हे. म्हणून १८७१ च्या कायद्याचे संरक्षण पतीला तिच्याविरुद्ध वापरता येणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतही हाच विचार दिसतो. सामान्य कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी पगारातील पहिले एक हजार रुपये व उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र केवळ एकतृतीयांश पगार मुक्त राहतो. पण हे सारे पोटगीच्या वसुलीविषयी झाले. निधीतील हिश्शाविषयी त्यात काही नाही.

पोटगी आणि वाटा

येथे मुख्य भेदाकडे वळू. पोटगी गरजेवर आधारलेली असते. वाटा हक्कावर आधारलेला असतो. पोटगी मागणाऱ्याला आपली अडचण सिद्ध करावी लागते. वाटा मागणाऱ्याला केवळ सहजीवनाचा काळ दाखवावा लागतो. परिस्थिती बदलली की पोटगी कमीअधिक होते. वाटा एकदा झाला की तो ज्याचा त्याचा.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ नुसार न्यायालय पती अथवा पत्नी यांपैकी कोणालाही कायम पोटगी देऊ शकते, एकरकमी किंवा दरमहा. ती ठरवताना उभयतांचे उत्पन्न, मालमत्ता, वर्तन व इतर परिस्थिती विचारात घेतली जाते. म्हणजे निधीतील रकमेची वाटणी होत नसली तरी पतीची ऐपत मोजताना ती रक्कम हिशेबात धरता येते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात कायम पोटगीची तरतूद फक्त पत्नीसाठी आहे. मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत १९८६ च्या कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले की पुढील आयुष्याची वाजवी व न्याय्य तरतूद पतीने इद्दतीच्या मुदतीत करून द्यावयाची असते. धर्म कोणताही असो, निर्वाहाचे साधन नसलेल्या पत्नीला फौजदारी प्रक्रियेच्या मार्गाने दरमहा निर्वाहभत्ता मागता येतो. पूर्वीच्या संहितेतील कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सरकारी कर्मचाऱ्याची एकूण सेवा ३२ वर्षांची आहे. सेवेला ४ वर्षे झाल्यावर त्याचा विवाह झाला, आणि २४ वर्षांच्या संसारानंतर, म्हणजे निवृत्तीला ४ वर्षे उरली असताना, घटस्फोट झाला. पत्नीने नोकरी केली नाही. त्याचा हाती येणारा पगार ४०,००० रुपये आहे. २०१७ मधील एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीच्या निर्वाहासाठी वाजवी ठरेल असे म्हटले होते. ते प्रमाण धरल्यास तिला दरमहा १०,००० रुपये मिळतील.

चार वर्षांनी तो निवृत्त होतो. पगार थांबतो व २४,००० रुपये निवृत्तिवेतन सुरू होते. कलम २५ मध्ये अशी तरतूद आहे की परिस्थिती बदलल्यास पोटगीचा आदेश बदलून घेता येतो. तो अर्ज करतो, आणि त्याच प्रमाणाने पाहिले तर पोटगी ६,००० रुपयांवर येते. त्याच महिन्यात भविष्यनिर्वाह निधीची पूर्ण रक्कम त्याच्या हाती पडलेली असते. पत्नीच्या वकिलाने ती न्यायालयाच्या निदर्शनास आणली तर तिचा विचार होईल. न आणली तर बहुधा होणार नाही. पुढे काही वर्षांनी त्याचे निधन झाले, तर दरमहाची पोटगी वसूल करणे अतिशय दुर्घट होते. स्थावर मालमत्तेवर पोटगीचा बोजा ठेवलेला असेल तरच काही आधार उरतो. आणि घटस्फोट झालेला असल्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतनावर तिचा हक्क राहत नाही.

म्हणजे तिचे वय वाढत जाते तसा तिचा आधार कमी होत जातो. जी पुंजी मुळात उतारवयासाठी म्हणून बाजूला काढली गेली, तीच तिच्या उतारवयात तिच्या वाट्याला येत नाही. या प्रश्नातील खरी वेदना येथे आहे.

अन्य देशांचा मार्ग

हाच प्रश्न पश्चिमेकडील देशांपुढे १९७० नंतरच्या दशकात प्रकर्षाने आला. त्या काळी घटस्फोटाचे कायदे शिथिल झाले आणि ज्या स्त्रियांनी सारे आयुष्य घरकामात घालवले त्या वृद्धापकाळी निराधार होऊ लागल्या.

पश्चिम जर्मनीने यावर सर्वांत सुसंगत उपाय योजला. १९७६ मध्ये संमत झालेल्या आणि १ जुलै १९७७ पासून अमलात आलेल्या विवाहकायद्याने असे ठरवले की विवाहकाळात पतिपत्नींनी मिळवलेले निवृत्तिवेतनाचे हक्क घटस्फोटाच्या वेळी समान करावेत. दोष कोणाचा, याची चौकशी त्यासाठी करावयाची नाही. १९८० मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने या व्यवस्थेचा गाभा वैध ठरवला. १ सप्टेंबर २००९ पासून पद्धत अधिक सोपी झाली : प्रत्येक हक्क त्या त्या संस्थेतच विभागून दुसऱ्या जोडीदाराच्या नावे मांडला जातो. विवाह तीन वर्षांहून कमी टिकला असेल तर मात्र कोणी मागणी केली तरच वाटणी होते.

कॅनडाने १ जानेवारी १९७८ पासून आपल्या सार्वजनिक निवृत्तिवेतन योजनेत असा नियम केला की सहजीवनाच्या वर्षांत दोघांच्या खाती जमा झालेले अंश एकत्र करून समान वाटावेत. अमेरिकेत हा लढा अधिक गुंतागुंतीचा ठरला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून १९८१ मध्ये निर्णय दिला की लष्करी अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनाची घटस्फोटात वाटणी करता येणार नाही. देशभर, आणि देशाबाहेरही, नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरलेल्या सैनिकपत्नींवर हा मोठा आघात होता. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, तेथील विधिमंडळाने कायदा करून राज्यांच्या न्यायालयांना अशी वाटणी करण्याची मुभा दिली. खाजगी कंपन्यांच्या निधींना १९७४ च्या कायद्याने आपल्याकडच्यासारखेच जप्तीपासून संरक्षण होते. १९८४ मध्ये त्या तटाला एक दार ठेवण्यात आले. विहित नमुन्यातील न्यायालयीन आदेश घेऊन घटस्फोटित जोडीदार थेट निधीच्या विश्वस्तांकडे आपला हिस्सा मागू शकतो.

इंग्लंड व वेल्समध्ये १ डिसेंबर २००० नंतर सुरू झालेल्या घटस्फोटांत निवृत्तिवेतन विभागण्याचा आदेश न्यायालयाला देता येऊ लागला. जपानने एप्रिल २००७ पासून परस्परसंमतीने किंवा न्यायालयामार्फत वाटणीची सोय केली. एप्रिल २००८ नंतरच्या काळापुरता तर असा नियम झाला की नोकरदाराच्या आश्रित जोडीदाराने मागणी केल्यास त्या काळातील निवृत्तिवेतनाची नोंद निम्मी तिच्या नावे व्हावी; त्यासाठी पतीच्या संमतीची गरज नाही.

या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. घेणेकऱ्यांपासून संरक्षण आणि जोडीदाराचा वाटा या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. संरक्षणाचा तट कायम ठेवूनही जोडीदारासाठी दार ठेवता येते.

वाटणीचे गणित

वाटा मान्य केला तरी तो काढावयाचा कसा? भावी निवृत्तिवेतन ही हातात धरता येणारी वस्तू नव्हे, म्हणून तिची वाटणी अशक्य आहे, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. हे गणित तितके अवघड नाही. आपल्या मघाच्या उदाहरणातील कुटुंबच पुन्हा घेऊ.

निधीच्या खात्यासाठी वजाबाकीची पद्धत वापरतात. विवाहाच्या दिवशी खात्यात ५०,००० रुपये होते असे समजू. ते विवाहापूर्वीचे, म्हणून त्याचे एकट्याचे. त्यावरील व्याजही त्याचेच. हिशेबाच्या सोयीसाठी दर सालीना ८ टक्के चक्रवाढ व्याज धरले तर २४ वर्षांत त्या रकमेचे सुमारे ३ लाख १७ हजार रुपये होतात. विभक्त होण्याच्या दिवशी खात्यात २७ लाख १७ हजार रुपये असतील, तर विवाहकाळातील साठवण २४ लाखांची ठरते आणि निम्मा वाटा १२ लाखांचा. विभक्त झाल्यानंतर पडणारी भर पुन्हा त्याची एकट्याची.

दरमहाच्या निवृत्तिवेतनासाठी कालाच्या प्रमाणाची पद्धत आहे. एकूण सेवा ३२ वर्षांची, त्यांपैकी विवाहकाळात मोडणारी २४ वर्षांची. म्हणून निवृत्तिवेतनाचा तीनचतुर्थांश भाग विवाहकाळाचा, व त्याचा निम्मा म्हणजे तीनअष्टमांश भाग जोडीदाराचा. २४,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनात हा वाटा ९,००० रुपयांचा होतो. पोटगीच्या हिशेबाने आलेले ६,००० रुपये याच्याशेजारी ठेवून पाहावेत. शिवाय निधीतील १२ लाख वेगळेच.

वाटणी केव्हा करावयाची, याचेही दोन मार्ग आहेत. एक, भावी हक्काची आजची किंमत काढून ती आजच चुकती करणे. यात हिशेब एकदाच मिटतो, पण आयुर्मान व व्याजदर यांचे अंदाज बांधावे लागतात. दुसरा, प्रमाण आज ठरवणे व रक्कम प्रत्यक्ष मिळू लागेल तेव्हा वाटणे. यात अंदाजाची गरज उरत नाही, पण दोघांचा संबंध वर्षानुवर्षे तुटत नाही. अनेकदा तिसराच मार्ग पत्करला जातो : राहते घर एकाने घ्यावे आणि निधी दुसऱ्याकडे राहू द्यावा. तसे करताना घराच्या किमतीशी निधीची आजची शिल्लक ताडून पाहणे पुरेसे नसते. घराला कर व दुरुस्तीचा खर्च लागतो, त्यापासून दरमहा उत्पन्न मिळेलच असे नाही. निवृत्तिवेतन मात्र मरेपर्यंत चालू राहते.

आपल्याकडील पाऊलवाटा

समान वाट्याची कल्पना आपल्याला सर्वस्वी परकी आहे असे समजण्याचे कारण नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीनुसार विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते व प्रत्येकाचा तीत निम्मा हिस्सा असतो. घटस्फोटानंतर मालमत्तेची यादी करून, मूल्य ठरवून वाटप करण्याची रीत तेथे रूढ आहे. या व्यवस्थेची दखल देशाच्या आयकर कायद्यालाही घ्यावी लागली. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी जे कलम घातले गेले त्यानुसार अशा दांपत्याचे भाडे, व्याज वगैरे उत्पन्न निम्मे-निम्मे धरले जात असे. फक्त पगार त्यातून वगळलेला होता. पगाराला वेगळे मानण्याची आपली सवय किती खोल आहे, हे त्या एका अपवादावरून दिसते.

उर्वरित भारताच्या बाबतीत, स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीने १९७४ च्या अहवालातच सुचवले होते की घरकामाचे आर्थिक मूल्य मान्य करावे, आणि विभक्त होणाऱ्या पत्नीला विवाहकाळात मिळवलेल्या मालमत्तेचा किमान एकतृतीयांश भाग मिळावा. ही शिफारस कायद्यात उतरली नाही. घटस्फोटित पत्नीला पतीच्या मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये संमत केले. पण लोकसभेत ते संमत झाले नाही, आणि पुढील वर्षी ती लोकसभा विसर्जित होताच ते रद्दबातल झाले.

न्यायालये मात्र हळूहळू पुढे सरकत आहेत. जानेवारी २०२१ मध्ये अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मूल्य असते हे ठामपणे मांडले. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निर्णय दिला की परदेशी नोकरी करणाऱ्या पतीच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत, घर सांभाळणाऱ्या पत्नीचाही समान वाटा आहे, कारण तिच्या श्रमावाचून ती कमाई शक्य झाली नसती. हा तर्क घराला व जमिनीला लागू होत असेल, तर निधीला तो लागू होऊ नये असे कोणतेही तात्त्विक कारण दिसत नाही. अडचण व्यवहाराची आहे : घटस्फोटित जोडीदाराच्या नावे वेगळा हिस्सा काढून देण्याची तरतूद भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत नाही.

व्यवहारातील दक्षता

कायदा बदलेपर्यंत आहे त्या चौकटीत काय करता येईल, हे जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

पहिली गोष्ट माहितीची. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये असा निर्देश दिला की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र दाखल करावे. त्या प्रतिज्ञापत्रात भविष्यनिर्वाह निधीची शिल्लक, सेवेची वर्षे, निवृत्तीची तारीख व अपेक्षित उपदान यांचा उल्लेख आहे की नाही, हे अर्जदाराने आवर्जून पाहावे. नसल्यास ती माहिती मागावी.

दुसरी गोष्ट तडजोडीची. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय झाली. अशा घटस्फोटाच्या अटी उभयतांनी ठरवावयाच्या असतात, आणि कायदा निधीचा वाटा करीत नसला तरी दोघांनी तो हिशेबात धरण्यास कोणतीही आडकाठी नाही. वाट्याइतकी रक्कम एकरकमी देणे, निवृत्तीच्या वेळी ठरावीक रक्कम देण्याचे लिहून देणे, पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवर ठेवणे, असे मार्ग खुले आहेत. ‘यापुढे माझा कोणताही हक्क नाही’ असे वाक्य बहुतेक तडजोडपत्रांच्या शेवटी असते. त्याखाली सही करण्यापूर्वी निवृत्तिकाळाच्या रकमेचा विचार झालेला असावा.

तिसरी गोष्ट महागाईची. दरमहा पोटगी स्वीकारावयाची असेल तर तिच्यात ठरावीक काळाने वाढ व्हावी अशी अट असावी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दरमहा ५०,००० रुपये पोटगी ठरवताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ देण्याचा आदेश दिला. तशी मागणी इतरांनाही करता येईल.

चौथी गोष्ट, न्यायालयीन विभक्तता व घटस्फोट यांतील फरकाची. विभक्ततेने विवाह संपत नाही. म्हणून सर्वसाधारणपणे कुटुंब निवृत्तिवेतनावरील हक्क टिकून राहतो. घटस्फोटाने तो जातो, मुलांचा मात्र राहतो. पन्नाशी उलटलेल्या दांपत्याने निर्णय घेताना हा फरक समजून घ्यावा. याची दुसरी बाजूही आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये अशी मुभा दिली की घटस्फोटाचा दावा प्रलंबित असलेल्या महिला कर्मचाऱ्याला पतीऐवजी पात्र मुलांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळावे अशी विनंती करता येईल. विभक्त झाल्यावर नामनिर्देशनाचे जुने कागदही विसरून न जाता तपासावेत.

हे विवेचन पत्नीच्या बाजूने मांडले, कारण आजवर निधी बहुधा पतीच्या नावे राहत आला. पण नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढते आहे, आणि आजारी वडिलांसाठी वा मुलांसाठी घरी थांबलेला पतीही आढळतो. वाट्याचे तत्त्व त्यालाही तितकेच लागू पडावे. ते तत्त्व असे की, संसाराच्या काळात जे बाजूला काढले गेले ते दोघांनी मिळून बाजूला काढले.

पोटगी मागताना माणसाला आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागते. ज्या स्त्रीने चोवीस वर्षे वजावटीनंतर उरलेल्या पगारात घर चालवले, तिला वयाच्या साठाव्या वर्षी, आपल्याजवळ काही नाही, एवढेच सांगता यावे आणि त्यात आपलेही काही होते असे सांगता येऊ नये, ही स्थिती बदलण्याजोगी आहे. १९७४ च्या अहवालाने ती बदलण्याची सूचना केली, त्याला अर्धशतक उलटून गेले. तो बदल कसा करावा याचे नमुने इतर देशांत आहेत आणि गोव्याच्या रूपाने आपल्या देशातही आहेत.